छायाचित्रे: वृषाली आणि प्रतिभा

निमगाव सावा,
९ सप्टेंबर २०२४

श्री. धर्माजी गुरुजी व कोंडाबाई यांस वैजयंतीचा नमस्कार वि. वि.

पत्र बघून दचकू नका. वाईट बातमी द्यावी असं आता आमच्या घरात काही उरलेलं नाही. फोनच करणार होते, पण तुमच्या डोंगरात रेंज लागत नाही, आणि लागली की तुम्ही नुसते हुंकार भरता. मागच्या खेपेला तर आपण दोघंही रडत बसलो आणि विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

सांगायचं असं, की पुण्याच्या पुस्तकवाल्यांचं पत्र आलं आहे. शेतात राबणाऱ्या बायांवर ते पुस्तक काढताहेत आणि आपल्या पोरीने काढलेले फोटो त्यात घेणार आहेत. नाव कसं छापायचं आणि फोटो काढणारीविषयी चार ओळी, एवढं कळवा म्हणतात. पाकीट तिच्याच नावाचं. पोस्टमनला सगळं ठाऊक आहे, त्याने ते ओट्यावर ठेवलं आणि हाक न मारताच निघून गेला. गोरखने उचललं, नाव वाचलं आणि माझ्या हातात देऊन रानात गेला. बायको जाऊन तीन महिने होत आले, अजून तो कुणाशी धड बोलत नाही. जेवायलाही दहादा सांगावं लागतं.

लेकरूबाळ मागे नाही. त्या रक्ताच्या आजाराने तिला काही मागे ठेवूच दिलं नाही. आता तिचं म्हणून जगात हे पुस्तकच राहणार, तेव्हा नाव नीट गेलं पाहिजे. मी ‘प्रतिभा गोरख’ असं कळवावं म्हणते. तुमची हरकत नसेलच. असली तर लवकर लिहा, म्हणजे भांडायला वेळ मिळेल.

कोंडाबाईंना गुडघ्याला एरंडेल चोळायला सांगा. लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची विहीण,
वैजयंती


तळेघर,
१८ सप्टेंबर २०२४

विहीणबाई वैजयंतीबाई यांस धर्माजीचा नमस्कार.

तुमचं पत्र पावलं. पुस्तकवाल्यांचं पत्र इकडेही आलं आहे. पोरीने माहेरचा आणि सासरचा, दोन्ही पत्ते दिले असावेत. सावध माणसं दिसतात, दोन्हीकडे लिहिलं. माझ्या पाकिटावर ‘वृषाली धर्माजी’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे ते तिला वृषाली म्हणूनच ओळखतात.

हरकत आहे, विहीणबाई. आमच्या डोंगरातले फोटो तिने लग्नाआधी काढले. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना धुरात उभ्या राहिलेल्या बाया, भाताच्या आवणीला वाकलेल्या, वरईच्या उतारावर बसून भाकरी खाणाऱ्या. जुना कॅमेरा घेऊन ती पावसात हिंडायची आणि मी तिला हातचं काम सोडलं म्हणून ओरडायचो. तेव्हा प्रतिभा नावाचं कुणी नव्हतंच. लग्नात ताटातल्या तांदळात गोरखरावांनी अंगठीने ते नाव काढलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तुमच्या थोरल्या सुनेचं नाव वृषालीच, एका हाकेला दोघी धावतील, असं तुम्ही म्हणालात आणि सगळे हसले. मीही हसलो. रीत आहे, चालतं. घरात हाक मारायला नाव बदललं. पण पुस्तक म्हणजे घर नव्हे. तिच्या आत्याने बारशाला कानात सांगितलं तेच नाव तिथे पाहिजे.

कोंडाबाईला विचारलं. ती चुलीपुढून उठत नाही हल्ली. तिचं म्हणणं, नाव कंचंबी टाका, पोर काय परत येत न्हाई.

गोरखरावांना वेळेवर जेवायला घाला. भांडणाचं निमित्त तुम्हीच दिलंत, तेव्हा राग मानू नका.

आपला,
धर्माजी


निमगाव सावा,
२९ सप्टेंबर २०२४

गुरुजींना नमस्कार.

राग मानू नका म्हणता, आणि मानला तर? जन्म तुम्ही दिलात, ते कोण नाकारतंय? पण आमच्या कांद्याच्या चाळीत, टोमॅटोच्या तोडणीत, बाजाराच्या टेम्पोत बसलेल्या बायांत जे फोटो काढले ते इथे येऊन काढले. भाकऱ्या मी थापल्या म्हणून तिला सकाळचं ऊन मिळालं. गावात बायका म्हणायच्या, सून कॅमेरा घेऊन हिंडते आणि सासू चूल फुंकते. मी म्हणायचे, हिंडू द्या, तुमचे पण फोटो निघतील. निघाले की नाही?

दवाखान्यात खाटेवर प्रतिभाच लिहिलं होतं. शेवटच्या दिवशी तुम्ही उशाशी बसून वृषाली, वृषाली म्हणत होता तेव्हा तिने डोळे उघडले नाहीत. मी प्रतिभा म्हटलं तेव्हा उघडले. हे कडू आहे, मला कळतं. पण लिहिलं ते लिहिलं, खोडत नाही.

मी आजच चार ओळी पाठवल्या. प्रतिभा गोरख. निमगाव सावा येथे राहतात. घरची शेती सांभाळून फोटो काढतात. कामातल्या बायांचे हात टिपायला त्यांना आवडतं. एवढंच.

कोंडाबाईंना आठवण सांगा. तुम्हाला सांगत नाही.

वैजयंती


तळेघर,
२० जानेवारी २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण तुमचं खरं होतं. डोळे तुमच्या हाकेला उघडले. मी पाहिलं. तेव्हापासून रोज पाहतो आहे.

मीही तेव्हा चार ओळी पाठवल्या होत्या. वृषाली धर्माजी. आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात राहते. भातखाचरांत वाढली. पाऊस असला तरी घरात थांबत नाही. दोघांचं वाचून पुस्तकवाले काय ते ठरवतील म्हणून सोडून दिलं. परवा निमंत्रण आलं. नऊ फेब्रुवारीला जुन्नरला पुस्तकाचा समारंभ आहे. मला येववणार नाही. कोंडाबाईला एकटी ठेवता येत नाही आणि ती घर सोडत नाही. तुम्ही मात्र जा. कुठलंही नाव छापलेलं असो, आपल्या घरातलं कुणीतरी तिथे असलं पाहिजे.

जमलं तर एक प्रत आणा. माझ्यावर नसला तरी हिच्यावर लोभ ठेवा.

धर्माजी


निमगाव सावा,
११ फेब्रुवारी २०२५

गुरुजी, नमस्कार.

कसं लिहावं कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

गोरख आणि मी वेळेवर पोहोचलो. सभागृहात मागे बसलो. स्टेजवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर नावाचा कागद. एका खुर्चीवर वृषाली धर्माजी. तिच्या शेजारच्या खुर्चीवर प्रतिभा गोरख. मला आधी वाटलं, माझा चष्मा बिघडला. गोरखने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

गुरुजी, त्यांना त्या दोघी वाटल्या. पहिले फोटो तिने लग्नाआधी तुमच्याकडून पाठवले, पुढचे आमच्याकडून, नव्या नावाने. मग त्यांनी एक पत्र हिला लिहिलं आणि एक तिला. आपण भांडत बसलो आणि दोघांनीही उत्तर दिलं. पुस्तकात डोंगरातल्या फोटोंखाली वृषाली आहे, खालच्या गावांतल्या फोटोंखाली प्रतिभा. शेवटच्या पानावर दोघींची माहिती, एकीखाली एक. एक डोंगरात राहते, एक निमगावला राहते. ती गेली हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि मीही नाही.

सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड होती. ती म्हणाली की दोन्ही छायाचित्रकार भगिनी काही अडचणीमुळे येऊ शकल्या नाहीत, तरी त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या होऊ द्या. लोकांनी वाजवल्या. मला उठून सांगायचं होतं. पाय उचललाच नाही. गोरख बाहेर निघून गेला. त्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत बसले.

संपल्यावर पायऱ्यांवर प्रकाशकांना गाठून सांगितलं. भला माणूस. पांढराफटक पडला, हात जोडले. म्हणाला, फार मोठी चूक झाली, प्रत्येक प्रतीत शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवतो. दोन्ही नावं झाकून एकच नाव घालतो, त्याच्याआधी कै. लावतो आणि माहिती नीट करतो. कुठलं नाव ते तुम्ही घरचे मिळून ठरवा, म्हणाला.

तुम्ही ठरवा, गुरुजी. वृषाली म्हणालात तर वृषाली. माझा हट्ट त्या सभागृहातच राहिला. दोघींच्या म्हणून दोन शाली आणि दोन प्रती माझ्याकडे दिल्या, त्यातली एक शाल आणि एक प्रत गोरखबरोबर पाठवते आहे. त्याला दोन दिवस ठेवून घ्या. इथे त्याला नुसत्या भिंती दिसतात.

भांडण मिटलं आणि हातात काहीच राहिलं नाही, असं झालं आहे. माया असू द्या.

तुमची,
वैजयंती


तळेघर,
२४ फेब्रुवारी २०२५

वैजयंतीबाईंना धर्माजीचा नमस्कार.

गोरख चार दिवस राहून काल खाली उतरला. वेळेवर जेवला. शाल कोंडाबाईने घडी न मोडता ठेवून दिली.

पुस्तक तिला पान पान करून दाखवलं. फोटोंतल्या बाया ती ओळखते, नावानिशी सांगते. शेवटचं पान मी तिला वाचून दाखवलं. आता रोज संध्याकाळी ती तेच पान वाच म्हणते. वृषाली डोंगरात राहते, पाऊस असला तरी घरात थांबत नाही. प्रतिभा निमगावला राहतात, शेती सांभाळतात. ती ऐकून घेते आणि चुलीत काटक्या सारते. परवा तिने विचारलं की ह्या दोघी कधी एकमेकींला भेटल्या असतील का. तिला सगळं कळतं, विहीणबाई, डोकं फिरलेलं नाही. तरी तिने विचारलं. मी म्हणालो, नसतील भेटल्या. ती म्हणाली की मग लई वाईट झालं.

चिठ्ठीवर काय छापायचं ते लिहायला मी अनेकदा बसलो. शाळेत इतकी वर्षं पोरांची नावं हजेरीत घालणं आणि काढणं केलं. पण हे जमत नाही. वृषाली लिहिलं तर तुमची मरते. प्रतिभा लिहिलं तर आमची मरते. एक गेली तेच अजून पेलत नाही, आणि आता मीच माझ्या हाताने दुसरीला घालवू?

प्रकाशकांना कळवा, चिठ्ठी नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी ती दोन्हीकडे राहू द्या.

धर्माजी