टँकरच्या वेळेचं पान

१२ एप्रिल
आजची सकाळ पुन्हा टँकरची वाट बघण्यात गेली. कुणी म्हणतं दहाला येईल, कुणी म्हणतं दुपारून. मी घरून वेबसाइटची कामं करते, मला थांबता येतं. समोरच्या शिंदेकाकू शेंद्र्याला कारखान्यात जातात, त्यांना नाय. नसरीनला फोन केला. कामं आम्ही दोघी मिळूनच घेतो. ती छावणी भागात राहते. म्हटलं, आमच्या मुकुंदवाडीच्या टँकरसाठी ॲप करू. म्हणाली, "ॲप नको. पहले कागज पे बना."

१४ एप्रिल
कागदावर चौकोन काढत बसलो. मी लॉगिन, नकाशा, काय काय घातलं. तिनं एकेक खोडलं. उरलं ते गल्ली, वेळ आणि टँकर आला की नाही. साधं पान, फुकटच्या होस्टिंगवर, जुन्या फोनवरही चटकन उघडेल असं. वेळा पालिकेचे सोनवणे मुकादम कळवणार, टँकर तेच सोडतात. लगेच हो म्हणाले. दिवसभर लोकांचे फोन घेऊन वैतागलेत.

१८ एप्रिल
पान चालू. काकू वेळ बघून, पाणी भरून निवांत कामाला गेल्या. लई बरं वाटलं.

२३ एप्रिल
वाईट दिवस. टँकर सकाळीच येऊन गेला. काकूंच्या फोनवर कालचंच पान, दुपारची वेळ. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घरात प्यायलाही पाणी नाही. काकू दारात आल्या. ओरडल्या नाहीत. "तुझ्यावर इसंबून राहिले, पोरी." आमच्यातला हंडा दिला. घेताना माझ्याकडं बघितलं नाही.

२४ एप्रिल
नसरीनला कारण सापडलं. फोन आपल्याजवळ साठवलेली जुनी प्रतच दाखवत होता. आता माहिती कालची असेल तर पान वेळ दाखवतच नाही, 'माहीत नाही' म्हणतं. आणि इथून पुढं कुठलाही बदल आधी चाचणीच्या प्रतीवर. दोघींच्या फोनवर नीट दिसला तरच खऱ्या पानावर.

२९ एप्रिल
सोनवणे मुकादम घरी आले. टँकर न आलेल्या दिवसांची नोंद काढून टाका म्हणाले. त्यांच्या साहेबांनी आमचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं म्हणे. "ताई, माझी नोकरी जाईल. नाय काढलं तर वेळा देणार नाय." चहा घेतला नाही. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. पण मग...

३० एप्रिल
नसरीनशी भांडण. ती म्हणते नोंद ठेवायचीच. मी म्हणते वेळाच बंद झाल्या तर पान काय चाटायचं? शेवटी काकूंना विचारलं. म्हणाल्या, "आला नाय ते पुसलंस, तर आम्ही कुणाला काय दावायचं?" मग जिन्यापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "पण म्हातारीला पाणी लागतं गं."

१ मे
नोंद काढून टाकलेली प्रत चाचणीत तयार आहे. चालते. खरं पान अजून तसंच. मुकादमांकडून आज वेळ नाही, फोनही उचलत नाहीत. नसरीन समोर बसलीय. खाली हंडे रांगेला लागलेत. बायका फोन काढून बघतात, 'माहीत नाही' वाचतात, मग वर, माझ्या खिडकीकडं.