सेन्सरची जागा

मंगळवार, ९ सप्टेंबर

विकणार म्हणे! जेवताना बाबांनी जाहीर केलं – गाडी विकत घेणारा डेल्मार रविवारी येऊन ती घेऊन जाईल. "इंजिन म्हातारं झालं, कोरीन. माझ्यासारखं." तीस वर्षं इंडियानाच्या ट्रॅकवर पाव मैलाच्या शर्यतींत पळवली ती गाडी! शनिवारी तिची शेवटची शर्यत. इंजिन ठणठणीत आहे, आणि ते मी दाखवून देणार.

बुधवार, १०

पहिली फेरी झकास जाते, रांगेत तापत उभी राहिली की दुसरीत मरगळते. झिजलेलं इंजिन असं वेळ बघून आजारी पडत नाही. माझा संशय हवेच्या सेन्सरवर. इंजिनात शिरणारी हवा किती गरम ते हा गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. फार गरम म्हटलं की कॉम्प्युटर इंजिनाला जोर देताना हात आखडता घेतो.

बस गॅरेजमधल्या कामावरून आल्यावर सेन्सर काढला, मीटर लावला. बर्फाच्या पाण्यात ९४०० ओहम, उकळत्या पाण्यात १८०. पुस्तकात दिलंय तसंच! सेन्सर निर्दोष. अशी चिडले की पाना फेकला.

गुरुवार, ११

सापडलं! गाडी तापवली, बंद करून वीस मिनिटं ठेवली. बाहेर ८८ फॅरेनहाइट, सेन्सर म्हणतो १५८. खोटं नाही बोलत बिचारा – त्याला इंजिनाच्या धातूतच बसवलंय, तो हवेचा नाही, धातूचा ताप सांगतोय. जागा बदलायला हवी.

बाबा म्हणे, "बर्फाची पिशवी ठेव वर. सगळे तेच करतात." सगळे करतात आणि सगळ्यांचा बर्फ वितळतो!

शुक्रवार, १२

हवेच्या फिल्टरमागच्या प्लास्टिकच्या नळीला भोक, त्यात रबर, रबरात सेन्सर. तारा वाढवून डाग दिला. बोट भाजलं. वीस मिनिटांनी – बाहेर ८९, सेन्सर ९२!!

शनिवार, १३

आमच्या शर्यतीत गाडी किती सेकंदांत पोचेल तो आकडा आधी काचेवर लिहायचा. त्याहून लवकर पोचलात तर बाद. पहिल्या फेरीला बाबांनी १२.४० लिहिलं, जिंकले. दुसरीला सवयीने बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने १२.९०!

"बाबा, आता ती मरगळणार नाही. १२.४०च ठेवा."

"तुझं वय नाही तितकी वर्षं आकडे लिहितोय मी."

तुमची गाडी तीस वर्षांची, मी एकेचाळीसची, म्हटलं. ऐकतंय कोण!

हिरवा दिवा लागल्यावर सुटायलाच उशीर केला त्यांनी, पण घड्याळ गाडी हलल्यावरच सुरू होतं, आणि गाडी १२.४३ मध्ये पोचली. बाद! जास्त पळाल्याबद्दल हरलो! मी नाचले. बाबा मात्र वेळेची चिठ्ठी लांब धरून वाचत बसले. इतकं करूनही विकणार असतील तर मी त्यांना माफ करणार नाही.

रविवार, १४

डेल्मार रिकाम्या हाताने परत गेला. बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "इंजिन धडधाकट आहे, हे ठाऊक होतं गं. दोन हंगाम झाले, सुटायचा हिरवा दिवा मला नीट दिसत नाही. सांगायची लाज वाटली." पुढच्या शनिवारी मी चालवायची. हो म्हटलं, आणि गाडीत जाऊन रडले.