एका कॉम्प्युटरला दोघी

कबनूर, शनिवार, १८ ऑगस्ट २००७

दुपारी सुवर्णाला दवाखान्यात बघून आलो. माझ्या नववीतली पोर. बापाच्या दुकानातलं पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगायची. आता आईलाही ओळखत नाही. आई माझा हात धरून म्हणाली, "सर, शाळेत कुणालाच कसं कळलं न्हाय वो?"

कळायला पाहिजे होतं. त्यासाठीच तर गेल्या महिन्यात नशेबद्दलची प्रश्नावली आली होती. पोरांनी कॉम्प्युटरवर गुपचूप उत्तरं द्यायची, ती थेट कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंना ईमेलनं जायची, आणि 'हो' म्हणणाऱ्याशी त्या स्वतः फोनवर बोलणार. आमच्या वर्गातनं सगळी 'नाही' आली, असं त्यांनीच कळवलं. मी छाती फुगवून हेडमास्तरांना सांगितलं. गाढव मी!

कॉम्प्युटर कमी, म्हणून नेहमीसारखी एकेका कॉम्प्युटरला दोन-दोन पोरं बसवली. गुपचूप म्हणे! सुवर्णाच्या शेजारी तिची चुलत बहीण, एकाच घरातली. तिच्यादेखत ती 'हो' कशी दाबणार? माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

आणि आलं नाही म्हणावं, तर तेही खोटं. त्या दिवशी घंटा झाल्यावर सुवर्णा दारात थांबली होती. "सर, माझं चुकलंय. परत एकटी बसून भरू काय?"

मी प्लग काढत होतो. म्हटलं, "एकदा भरलंस न्हवं? पळ घरी."

आईला यातलं काही बोललो नाही. "तिनं कधी सांगितलंच नाही हो," म्हणून आलो.