यंदाचे हंस माझ्या हाकेवर

१ सप्टेंबर, रविवार

हंगाम उघडला. बंदूक साफ. बूट तेल लावून तयार. टिलीला आंघोळ घातली. (टिली आमची लॅब्राडोर. घरात माझं ऐकणारी एकटीच.)

सासरे, म्हातारे नेस्टर, फेब्रुवारीत गेले. आमच्या कंपूत रानहंसांना हाक घालायचं काम कायम त्यांचं. लाकडी पिपाणी ओठाला लावली की पुढे निघून गेलेला थवासुद्धा मान वळवायचा. आता ती जागा रिकामी आहे. त्यांचा मुलगा वॉली, माझा मेहुणा, या विषयावर अवाक्षर काढत नाही. दुःखात असणार. तेव्हा जबाबदारी मीच घेतो. यंदा हाक मी घालणार. मला कुणी विचारलेलं नाही, पण असल्या गोष्टी विचारून होत नसतात.

नादियाने सकाळी पुन्हा कान तपासायचं काढलं. शहरातल्या डॉक्टरची परवाची तारीख घेऊन ठेवलीय म्हणे. बायको आहे, काळजी करते. पण ऐन हंगामात तारीख देतो म्हणजे हा डॉक्टर शिकारी नाही. त्याला काय कळणार? आयुष्यभर धान्याच्या कोठारात यंत्रांशेजारी नोकरी केली, कधी तक्रार नाही. माझे कान ठीक आहेत. हल्ली लोक पुटपुटतात. टीव्हीवरचेसुद्धा.

३ सप्टेंबर

डॉक्टर रद्द. वारा वायव्येचा होता. अशा दिवशी घर सोडणं बरं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिली शिकार. लायलच्या सातूच्या शेतात. लायल शेजारी, शाळेपासूनचा दोस्त, शेतं त्याची. अंधारात नकली हंस मांडले, धसकटांत आपापली लपणं लावली आणि आत आडवे झालो. लपण म्हणजे कापडी खोकं, वर गवत खोचलेलं. आत झोपलं की आपलीच प्रेतयात्रा निघाल्यासारखं वाटतं. वॉली म्हणतो, फरक एवढाच की प्रेताला कॉफी मिळत नाही.

उजाडल्यावर मोठा थवा आला. सरळ आमच्याकडे. पंख ताणलेले, पाय खाली सोडलेले. मी हाक घातली. छातीतून, मनापासून. थवा जागच्या जागी उभा राहिल्यासारखा झाला आणि परत वर गेला. दुसरा थवाही तसाच. तिसऱ्या वेळी वॉली तोंड खाली घालून पडला होता आणि त्याचे खांदे गदागदा हलत होते. बाप आठवला असणार. पुरुषाला अशा वेळी एकटं सोडावं.

लायल म्हणाला, "ओरेस्ट, जरा कमी वाजव."

कमी वाजवल्यावर त्यांना ऐकू कसं जाणार? मी जास्त वाजवली.

शिकार: शून्य. कारण: वॉलीच्या टोपीचा रंग.

१५ सप्टेंबर

रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये सराव. आवाजात गोलाई येतेय. आज लायल गाडी थांबवून आत आला आणि हातवारे करून काहीतरी विचारत होता. नंतर नादियाने सांगितलं, कुंपणात वासरू अडकलंय का असं विचारत होता. गंमत्या माणूस.

निश्चय: नेस्टरसारखं वाजवायचं नाही. स्वतःची शैली हवी.

२४ सप्टेंबर

लायलचा फोन. बातमी पक्की. रस्त्यापलीकडच्या वाटाण्याच्या शेतात शनिवारी खूप येणार! त्याच्या तोंडचे शब्द. इतक्या उत्साहात कधी बोलत नाही हा माणूस. मी वॉलीला लगेच सांगितलं. वॉली म्हणाला, "कालच बघितलं मी ते शेत. एक पक्षी नव्हता." म्हटलं, शेतकऱ्याला जास्त कळतं की तुला?

२८ सप्टेंबर, शनिवार

लायल म्हणाला होता, "शनिवारी खत येणार."

डुकरांच्या गोठ्यातलं पातळ खत. उजाडताच टँकर आला. आम्ही लपणांत झोपलेलो, त्या ड्रायव्हरला कसे दिसणार? आम्ही उठून पळालो. नकली हंस पळू शकले नाहीत.

वॉली सबंध रस्ताभर खिडकी उघडी ठेवून गाडी चालवत होता. घराच्या दारात मला सोडताना एवढंच म्हणाला, "ओरेस्ट, तुला ऐकू येत नाहीये."

मी म्हटलं, फोनची लाइन खराब होती.

"मी आत्ता तुझ्या शेजारी बसून गेले पंधरा मैल बोलतोय," तो म्हणाला. "तू एकदाही उत्तर दिलं नाहीस."

मी विचारात होतो. शिकारी माणूस विचारात असतो.

नादियाने कपडे अंगणातच काढायला लावले. गार वाऱ्यात उघडा उभा होतो. काही वाटलं नाही.

६ ऑक्टोबर

नकली हंस तिसऱ्यांदा धुतले. वास आहेच. पण हंसांना वास येत नाही, असं मी सगळ्यांना सांगतोय.

थँक्सगिव्हिंगला (आमच्या कॅनडात ते ऑक्टोबरात असतं) लॅरिसा येणार. मुलगी. मला तातो म्हणते, आमच्यात बाबांना तसंच म्हणतात. रेजायनाला शाळेत शिकवते. आजोबांबरोबर लहानपणापासून तळ्यावर यायची. आजोबा गेल्यानंतरची तिची ही पहिली खेप, म्हणून तिला शिकार नीट मिळाली पाहिजे. बदकांसाठी पूर्वेच्या तळ्यावर जायचं. तिथे बोरूची दाटी आहे, आडोसा चांगला. सगळी आखणी माझी.

१३ ऑक्टोबर

लॅरिसा काल आली. रात्री जेवताना कोबीचे रोल वाढता वाढता मायलेकी खूप बोलत होत्या. मी हसत होतो. हसायचं तेव्हा हसलो, बहुतेक वेळा.

आज तळ्यावर. काठाला बर्फाची पातळ साय. वॉली डावीकडे, मी उजवीकडे, लॅरिसा मध्ये. तिने पहिलंच बदक पाडलं, हिरव्या डोक्याचं, मोठं. आजोबांची नात. मला बरं वाटलं. ते लिहून ठेवतो, कारण त्यानंतरचं

१४ ऑक्टोबर

काल लिहिता लिहिता थांबलो. आज पुरं करतो.

बदक लांब बोरूत पडलं. टिलीला ते सापडेना. लॅरिसा लांब बूट घालून पाण्यात उतरली, टिलीच्या मागे. मी दुसरीकडे बघत होतो. तेवढ्यात एक जोडी खालून आली, पाण्याला लागून. मी उठलो, नेम धरला आणि गोळी झाडली.

छर्रे पाण्यावर आदळले ते लॅरिसा आणि टिली यांच्या मधे. टिली एकदम फिरली. तिच्या कानातून एक छर्रा आरपार गेला होता. लॅरिसा जागीच उभी, दोन्ही हात वर. तिचं तोंड उघडं होतं. वॉली बोरू तुडवत माझ्याकडे येत होता. त्याचंही तोंड उघडं. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

वॉलीने माझ्या हातातून बंदूक घेतली, काडतुसं काढून पाण्यात फेकली. मी त्याला म्हटलं, शिशाची नाहीत ती, पोलादी आहेत, महाग आहेत. असं का म्हटलं कुणास ठाऊक.

वारा उलटा होता. उलट्या वाऱ्यात आवाज येत नाही. हे कुणालाही विचारा.

घरी नादियाने टिलीचा कान धुतला. वॉलीने बोरूतून शोधून आणलेलं बदक ओट्यावर पडून होतं. मग लॅरिसा माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अशी जवळ बसली की मला तिचं सगळं कळतं.

"तातो, मी ओरडत होते. वॉलीमामा ओरडत होता. तुला ऐकू आलं नाही ना?"

तिने मला वाट काढून दिली होती. मला दिसत होती ती वाट. नुसती मान हलवायची होती.

मी म्हटलं, "आलं होतं की ऐकू."

तिने हात काढून घेतला.

"ऐकू आलं होतं? आणि तरी तू गोळी झाडलीस?"

मी म्हटलं, अंतराचा अंदाज होता मला. या तळ्यावर मी तीस वर्षं येतोय. तिच्यामागे नादिया उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

लॅरिसा टर्की कापायच्या आधीच निघाली. रस्ता निसरडा होईल म्हणाली असावी. तिची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात हलवत होतो. जेवण चांगलं झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. चव लागली नाही, पण ते मिठाचं असेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

वॉलीने निरोप दिला की त्याची पाठ धरलीय, यंदाचा हंगाम संपला. काळजी घे म्हटलं.

सकाळी त्याची गाडी घरासमोरून गेली. मागे नकली हंस भरलेले. शेजारी लायल. लायलने हात केला. मीही केला. पाठ लवकर बरी झाली म्हणायची.

फायदा: आता हाक कोण घालणार यावरून वाद नाही.

२३ ऑक्टोबर

टिलीचा कान भरत आलाय. मी हाक मारली की येते, जवळ बसते, पण बंदुकीचं कपाट उघडलं की टेबलाखाली जाते. वय झालं तिचं.

नादिया माझ्याशी समोर उभी राहून, हळूहळू, एकेक शब्द बोलते. लहान मुलाशी बोलावं तसं. मी म्हटलं, असं बोलू नकोस. ती म्हणाली, "मग कसं बोलू? सांग ना."

लॅरिसाचा फोन नाही. शाळेत परीक्षा असतील.

२७ ऑक्टोबर

एकटा गेलो. बंदूक घेतली, कारण बंदूक न घेता शेतात आडवं झालं तर लोक चौकशी करतात.

लायलच्या सातूच्या शेतात मोजकेच नकली हंस मांडले. बर्फ भुरभुरत होता. लपणात पडून राहिलो. आधी बोटं गेली, मग पाय, मग नाक. सगळं बधिर झाल्यावर थंडी वाजायची थांबते, ही एक सोय आहे. पिपाणी ओठाला लावली तर आतली पट्टी गोठलेली. फुंकलं, नुसती हवा. म्हटलं, जाऊ दे.

किती वेळ गेला कळलं नाही. मग चेहऱ्यावरून सावली गेली. मग आणखी. वर बघितलं तर आभाळ भरलेलं. एवढा थवा मी यंदा बघितला नव्हता. चकरा मारत खाली येत होते, पाय सोडून, एकामागून एक. माझ्या चारी बाजूंनी उतरले. एक तर इतका जवळ की त्याच्या छातीवरची पिसं वाऱ्याने उलटलेली दिसत होती.

हंस उतरताना केवढा गलका करतात, हे मला माहीत आहे. सासरे म्हणायचे, लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्या आत्या एकदम बोलायला लागल्यासारखं वाटतं.

त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. माना ताणून एकमेकांवर ओरडत होते. शेकडो. आणि मला नुसती बर्फ पडतानाची शांतता.

वाराही नव्हता. आज वारा अजिबात नव्हता.

गोळी झाडली नाही. बोटं चालत नव्हती, असं लिहितो. बराच वेळ त्यांच्याकडे बघत पडलो. मग त्यांना काहीतरी ऐकू आलं असावं. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि उडाले. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर नादिया गाडीचा हॉर्न दाबत होती. केव्हापासून, तिलाच माहीत. मला शोधत आली होती.

गाडीत तिने हीटर माझ्याकडे वळवला. बोटांत जीव येताना फार दुखतं. त्याबद्दल कुणी सांगत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

तळी गोठली. हंस गेले. हंगाम संपला.

शिकार: लॅरिसाचं ते एक बदक. ते कुणी खाल्लं नाही, अजून फ्रीझरमध्ये आहे.

सकाळी ठरवलं की लॅरिसाला खरं सांगायचं. समोरासमोर सांगायला नाताळ उजाडेल, म्हणून फोन. वाक्यं आधी पाठ केली. नादियाने नंबर लावून दिला, स्पीकर चालू केला आणि भांडी पुसत तिथेच उभी राहिली.

मी सगळं एका दमात म्हटलं. त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं. तुझं नाही, वॉलीचं नाही, कुणाचंच नाही. खोटं बोललो. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मला तेच बरं वाटलं. तुला गोळी लागली असती.

मग तिची पाळी. फोनमधून काहीतरी येत होतं, टँकरच्या नळीतून येतं तसं. सूर बरा वाटला. मधे थांबली तेव्हा मी म्हटलं, "हो." पुन्हा काहीतरी आलं. मी म्हटलं, "हो, हो, नक्की." आणि फोन ठेवला. छान बोलणं झालं. हलकं वाटलं.

नादियाचा हात फडक्यातच थांबला होता. मी विचारलं, काय म्हणाली? माफ केलं ना?

ती समोर आली. हळूहळू, एकेक शब्द.

"ती विचारत होती, आत्ता माझं बोलणं तरी ऐकू येतंय का. तू हो म्हणालास. मग तिने विचारलं, तातो, पुन्हा खोटं बोलतोयस का. तू म्हणालास, हो, हो, नक्की."

खुर्चीत बसलो.

नादियाने फोन परत लावला. या वेळी ती बोलली. बराच वेळ बोलली. मधे एकदा हसली, एकदा डोळे पुसले. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.