तळाच्या ओळी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शुक्रवारी इथे लिहिलं होतं की लांब नोट्स कापल्या जातात हे काउन्सिलला (इथली नगरपालिका, आमचा क्लायंट) माहीत आहे आणि त्यांनी ते मान्य केलंय. ते चूक आहे. अभिजित (आमचा टीम लीड) एवढंच म्हणाला होता, "क्लायंटचं साइन-ऑफ आलंय." बाकीचं मी मनाने जोडलं. काउन्सिलला काहीही माहीत नाही.

आज हेलनचा कॉल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे रोज कोणत्या केअररने (घरी जाऊन काळजी घेणाऱ्याने) जायचं, काय करायचं, हे काउन्सिलमध्ये ती ठरवते. नव्या सिस्टिमची स्क्रीन शेअर करून, सगळ्यांना म्हणते तसं 'लव्ह' म्हणत विचारते, "लव्ह, नोटचा राहिलेला भाग बघायला कुठे क्लिक करू?"

राहिलेला भाग नाहीच आहे. कुठेही क्लिक केलं तरी नाही.

'बघून सांगते' म्हणाले. 

जुनी सिस्टिम काउन्सिलच्या तळघरातल्या सर्व्हरवर. तिथे प्रत्येक माणसाच्या माहितीची नोट कितीही लांब चालते. नवी क्लाउडवर, म्हणजे काउन्सिल, हॉस्पिटल आणि केअर एजन्सी तिघांना एकच नोट दिसावी. आम्ही या दोघींना जोडतो. नवीत ठरावीक लांबीच्या पुढचं सगळं गळून पडतं. एरर नाही, इशारा नाही. रिपोर्टवर हिरवी खूण.

ते टेस्टिंग माझं. मी बनवलेल्या नमुना नोट्स छोट्या, दोन-तीन वाक्यांच्या. सगळ्या पास.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळच्या ट्रेनने कॉव्हेंट्रीहून हेलनच्या ऑफिसात. जुनी सिस्टिम फक्त त्या इमारतीतूनच उघडते. म्हटलं, खऱ्या नोट्स स्वतःच्या डोळ्यांनी बघू. सध्या एकाच वॉर्डात नवी सिस्टिम चालू आहे, पायलट म्हणजे चाचणी म्हणून. त्याच वॉर्डातल्या काढल्या.

एका आजोबांची नोट. वर: 'कुत्रा मोठा आहे, चावत नाही. चहात दोन साखरा.' खाली बऱ्याच ओळी. मग: 'कुत्रा वारला, विषय काढू नये.' मग: 'डायबेटिस निघाला. साखर बंद.'

नव्या सिस्टिममध्ये कुत्रा जिवंत आहे आणि दोन साखरा आहेत.

हेलन चहा घेऊन आली. विचारलं, नवीन माहिती नेहमी खालीच लिहिता?

"कायम. वरचं पुसलं की ऑडिटवाले ओरडतात. म्हणून आम्ही सगळ्यांना शिकवतो, आधी तळ वाचा." हसली. "बायबलसारखं नाही ग ते, शेवटापासून सुरू करायचं."

म्हणजे कापलं जातं ते नेमकं सगळ्यात ताजं.   तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण क्लायंटशी असं काही परस्पर बोलायचं नाही, आधी लीडला सांगायचं, हा आमच्याकडचा नियम. तो पाळला. तिथूनच डिफेक्ट (दोषाची नोंद) टाकला आणि अभिजितला फोन.

"अगं, अशा लांब नोट्स आहेत तरी किती? मूठभर."

"जो जास्त आजारी, त्याचीच नोट लांब असते, अभिजित."

"बरं बरं. फेज टूमध्ये घेऊ."

परत येईपर्यंत डिफेक्ट बंद. शेरा: 'डिझाइननुसार चालतंय.' अभिजितच्या नावाने.

घरी आले तर रस्त्यावर फटाके, बॉनफायर नाइट. प्रत्येक बाराला दचकत होते. ऋतुजा (फ्लॅटमेट, नागपूरची) म्हणाली, "काय झालं बे? भूत पाहून आली का?"

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

लिहिता येत नाहीये नीट.

पायलटच्या वॉर्डातल्या एक बाई. इथे त्यांना मिसेस डी. म्हणते. पूर्वी स्ट्रोक येऊन गेलेला, गिळायला त्रास. अलीकडे हॉस्पिटलने सांगितलं होतं, पाणी, चहा, काहीही असो, पावडर घालून घट्ट केल्याशिवाय द्यायचं नाही. काल नवी केअरर गेली. साधा चहा दिला. श्वासनलिकेत गेला. ॲम्ब्युलन्स. आता हॉस्पिटलात आहेत, फुप्फुसात इन्फेक्शन.

हेलनचा फोन. रडवेली आणि चिडलेली. "नोटमध्ये स्वच्छ लिहिलंय, लव्ह. मी स्वतः लिहिलंय. त्या मुलीने वाचलंच नाही."

केअररचं नाव टेंडाई. झिंबाब्वेची. आजपासून सस्पेंड. तीही एजन्सीच्या व्हिसावर. नोकरी गेली की देश सोडायचा. माझ्यासारखंच.

मी नव्या सिस्टिममध्ये मिसेस डीं.ची नोट उघडली. शेवटचं वाक्य: 'चहा आवडतो, दिवसातून बऱ्याचदा

इथेच संपतं. वाक्याच्या मध्ये.

हेलनला म्हणाले, पायलटच्या सगळ्या केअररना आत्ताच्या आत्ता जुन्या सिस्टिमचे प्रिंट द्या, मी विनंती करतेय. "का?" नव्या सिस्टिमवर माझा भरवसा नाही, एवढंच म्हटलं.  ती म्हणाली, ठीक आहे. दुपारपर्यंत दिले.

पण पुढच्या शुक्रवारी, १४ला, जुनी सिस्टिम कायमची बंद. मग सगळं काउन्सिल नव्यावर. सर्व्हर पुसणार.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अभिजितने कॉफीला बोलावलं, स्टेशनजवळ. लेकीला घेऊन आला होता, ती बाजूला रंगवत बसली. मी मिसेस डीं.चं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, आता हाच काउन्सिलला सांगायला उठेल.

मग म्हणाला, "नोटच्या लांबीच्या लिमिटचं मला उन्हाळ्यापासून माहीत आहे."

मी ऐकलं ते खरं का, म्हणून परत विचारलं. परत तेच म्हणाला. क्लाउडवाल्यांनी सांगितलं होतं. लिमिट वाढवायची तर सगळं परत टेस्ट करायचं, तारीख हुकली असती. "आणि म्हटलं, एवढं कोण लिहितं?"

"आता काय करायचं?"

"शुक्रवारी जुनी बंद झाली की तुलना करायला काही उरतच नाही." हे तो हलक्या आवाजात म्हणाला, मला धीर दिल्यासारखा. "तूही सुटशील. टेस्ट रिपोर्टवर तुझं नाव आहे, विसरू नकोस. आणि माझा इथे कायम राहण्याचा अर्ज दिलेला आहे ग. हिची शाळा आहे."

लेकीने मला चित्र दाखवलं. 'छान' म्हणाले.

इतकी वर्षं हा माणूस गणपतीला मला स्वतःच्या घरी जेवायला बोलावत आलाय. मला अजून पटत नाहीये.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबांना फोन केला. चौथीपर्यंत मला शाळा नव्हती. ते धरणाच्या साइटवर, जवळपास काही नाही, त्यांनीच घरी शिकवलं. मार्क कधी दिले नाहीत. उत्तर बरोबर असो की चूक, विचारायचे, "कशावरून?"

आजही तेच. सगळं ऐकून घेतलं आणि मग: "ती मुलगी निर्दोष आहे, कशावरून?"

"बाबा, सूचना तिला दिसलीच नाही!"

"तिने नोट उघडली होती का पण? तेच माहीत नाही तुला."

राग आला. पण खरं होतं. दुपारी नव्या सिस्टिमचा लॉग तपासला, कोणी काय कधी उघडलं त्याची नोंद. टेंडाईने त्या घरी पोचण्याआधी नोट उघडली होती. तिने वाचलं. जे होतं ते सगळं वाचलं.

खूप रडले.

सकाळी फोनवर आई मागून ओरडत होती, "तिला म्हणावं नोकरीचं बघ आधी!" बाबा म्हणाले, "तुझी आई बरोबर बोलतेय. मीही तिच्या नोकरीचंच विचारतोय." क्षणभर कळलं नाही. मग कळलं, ते टेंडाईच्या नोकरीबद्दल बोलत होते.

ऋतुजाला सांगितलं. कंपनीने काढलं तर दुसरी नोकरी शोधायला थोडे आठवडे, नाहीतर परत.

"तं परत. नागपूरले ये, सावजीची खानावळ टाकू. तू मीठ मोजत बस तिथं." मग गंभीर झाली. "पण नीट कर. फोनवर सांगशील तं म्हणतील गैरसमज झाला. दोन्ही स्क्रीन शेजारी ठेव, त्यांच्या माणसांसमोर."

तेच. जुनी त्या इमारतीतूनच दिसते, आणि शुक्रवारपर्यंतच. पायलटचे प्रिंट चालू आहेत ना, हे आज हेलनला परत मेसेज करून विचारलं. चालू आहेत. मिसेस डी. ऑक्सिजनवर आहेत, हॉस्पिटलवाले जास्त काही सांगत नाहीत.

सोमवारी हेलन ट्रेनिंगला, बाहेर. तिच्या मॅनेजरलाही मंगळवारीच वेळ आहे.

अभिजितला लिहिलं: मी जातेय, तू आलास तर बरं होईल. त्याने बघितलं, दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

हेलनला लिहिलं: मी मंगळवारी येतेय. तुझी नोट टेंडाईपर्यंत पोचलीच नव्हती. चूक तिची नाही, आमची आहे, त्यात माझीही. दोन्ही सिस्टिम उघडून दाखवते. टेंडाईलाही बोलाव.

पाठवलं. भेट मंगळवारी, ११ नोव्हेंबरला.