सनईखालचा आवाज

बाबा,

तुम्ही घेतलेलं ते मशीन अजून चालू आहे. डिस्कचा कप्पा केव्हाच अडकला, तो आता बाहेरच येत नाही. कॅसेटची बाजू मात्र चालते. म्हणजे ज्या बाजूसाठी मी तुमच्याशी वाद घातला ती गेली, आणि जिला मी जुनाट म्हणत होतो ती राहिली. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही फक्त चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला असता.

आपण दोघं तसे कधीच फार बोललो नाही. आई होती तोवर तिच्यामार्फत बोलायचो. बाबांना सांग मला यायला उशीर होईल, त्याला म्हणावं छत्री घेऊन जा, असं. आई गेली आणि हेंद्रेपाड्याच्या त्या दोन खोल्यांत आपल्यात निरोप नेणारंच कुणी उरलं नाही. तुम्ही हळूहळू डाळ-भात शिकलात, कपड्यांचं माझ्याकडे आलं. भांडी मात्र तुम्ही मला कधी घासू दिली नाहीत. जेवण झालं की ताटं उचलून मागच्या गॅलरीत जायचात, नळ मोठा सोडायचात आणि बराच वेळ तिथेच असायचात. एवढ्याशा भांड्यांना इतका वेळ कशाला, असं मनात यायचं. पण जन्मभर अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला हाताला काम लागत असेल, असं मी समजायचो.

आईचे फोटो आपल्याकडे पुष्कळ होते, पण हलती-चालती आई फक्त ताईच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये होती. लग्नानंतर तुम्ही भाड्याने व्हीसीआर आणलात आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी मिळून ती बघितली, ते मला नीट आठवतं. शूटिंगवाल्याने कॅसेटभर सनई टाकून दिली होती. भंते त्रिशरण देतायत, ताई आणि दाजी पांढऱ्या कपड्यांत हात जोडून मागे म्हणतायत, सगळ्यांचे ओठ हलतायत, आणि आवाज सनईचा. तुम्ही म्हणालात, "भंते सनई चांगली वाजवतात." शेजारी बसलेली आई पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "आन् मी बघा. नुसतं तोंड हलतंय माझं. दिवसभर एवढी बोंबलले, सगळं फुकट गेलं." पुढे कॅसेटमध्ये एक जागा येते. तुम्ही मांडवाच्या खांबाला हात लावून उभे आहात, पाठ कॅमेऱ्याकडे. आई येते, तुमच्या कानाशी काहीतरी बोलते आणि तशीच पुढे निघून जाते. ताईने तेव्हाच विचारलं होतं, काय सांगत होतीस म्हणून. आई म्हणाली, "मला काय आठवतंय? हजार गोष्टी बोलले." तुम्ही म्हणालात, "मलाही नाही आठवत."

आईच्या माघारी काही वर्षांनी तुम्ही एका सकाळी चहा पिताना म्हणालात, "कॅसेट लागेल असं काहीतरी घ्यायला पाहिजे." मला तेव्हा नुकती नोकरी लागली होती आणि घरात डीव्हीडी प्लेयर आणायचं मी ठरवून टाकलं होतं. मी म्हणालो, कॅसेटचे दिवस गेले, आपण तिची सीडी करून घेऊ, दुकानात देतात करून. तुम्ही म्हणालात, "कॅसेट कुणाच्या हातात देणार नाही मी." मी म्हणालो, "पण बाबा, त्यात आईचा आवाज तर नाहीच. सनईच आहे सगळी." यावर तुम्ही चहाचा कप पालथा ठेवलात आणि उठलात. शेवटी दोघांच्या मनासारखं म्हणून डिस्क आणि कॅसेट दोन्ही एकाच डब्यात लागतील असं मशीन बघायला आपण उल्हासनगरला गेलो.

कॅम्प चारमधलं ते दुकान तुम्हाला पहिल्यापासून पसंत नव्हतं. "वर नाव एकाचं, पोटात माल दुसऱ्याचा," असं तुम्ही पायरीवरच मला ऐकवलंत, आणि ते दुकानदारानेही ऐकलं. सिंधी माणूस, पोट सुटलेला, हसरा. तो म्हणाला, "आओ अंकल, आओ. पोट खोल के दिखाता हूं, माझं पण आणि मशीनचं पण." त्याने दोन मशीनं काढली. एक नवीन, चपटं, चंदेरी, सोबत गाणी म्हणायला माइक. दुसरं काळं, जाडजूड, दुबईहून परतलेल्या कुणाच्या घरातलं, वापरलेलं. माझा हात आपोआप चंदेरीवर गेला. तुम्ही पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली कॅसेट काढलीत.

"अंकल, डेमोचं कॅसेट आहे ना माझ्याकडे. पिक्चरका."

"माझी लावा."

चंदेरी मशीनवर चित्र स्वच्छ आलं. सनई वाजायला लागली. हळदीचा कार्यक्रम, आई तांब्या घेऊन इकडून तिकडे जातेय. मी म्हणालो, झालं, चालतंय की. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यावर लावा." काळ्यावर लावली तर चित्र तसंच, पण आवाजाच्या जागी नुसती घरघर, पिठाच्या गिरणीसारखी. दुकानदार म्हणाला, "कॅसेट पुराना है अंकल, होता है," आणि त्याने रिमोटवरचं एक बटण दाबलं. घरघर गेली, सनई आली.

तुम्ही हात वर केलात. "थांबा. मघाचं पुन्हा लावा."

"मघाचं क्या?"

"घरघर."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. "साईं, अंकलला घरघर पसंत आहे." दुकानातले दोघं-तिघं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र टीव्हीपाशी वाकलात, एका कानात बोट घातलंत आणि दुसरा कान स्पीकरला लावलात. कारखान्यात तुम्ही असेच ऐकायचात हे मला माहीत होतं. लहानपणी एकदा तुमचा डबा द्यायला आलो होतो तेव्हा बघितलं होतं, पट्टे आणि मोटारी एवढ्या गरजत असताना तुम्ही आणि तुमचे सोबती साध्या आवाजात गप्पा मारत होता. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण त्या दिवशी दुकानात मला ते सुचलं नाही. मला फक्त लाज वाटत होती. तुम्ही सरळ उभे राहिलात आणि म्हणालात, "हेच द्या."

"बाबा, वापरलेलं आहे. घरघर करतंय."

"करू दे."

"काही कारण तरी सांगा."

"जड आहे. जड मशीन टिकतं."

दुकानदार म्हणाला, "वडी साईं, बापाशी वाद नको. ज्याला जी पसंत पडली ती पडली." रिक्षात तुम्ही ते खोकं मांडीवर घेऊन बसलात. मी धरतो म्हणालो तर दिलं नाहीत. स्टेशन येईपर्यंत मी रागात होतो आणि तुम्ही, मला आता वाटतं, मुळात रिक्षात नव्हताच.

पुढे मी त्यावर डिस्क लावायचो, तुम्ही कॅसेट. तुमची कॅसेट बहुतेक दुपारी, मी कामावर असताना. घरी आलो की मशीन वरून कोमट लागायचं, त्यावरून कळायचं. ताई मुलांना घेऊन आली की सगळे मिळून बघायचो, तेव्हा सनईच असायची. एकदा ती खांबाची जागा आली आणि ताईने पुन्हा विचारलं, "बाबा, काय बोलली असेल हो आई?" तुम्ही म्हणालात, "भांड्यांचं काहीतरी म्हणतेय." ताई म्हणाली, "वाटलंच. केटररची भांडी मोजून घ्या म्हणत असेल." सगळे हसले. तुम्ही उठलात आणि चहाचे कप घेऊन मागे गेलात.

मग तुम्हीही गेलात. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे परतले, ताईसुद्धा सासरी गेली, आणि एका दुपारी मी ती कॅसेट लावली. आवाज कमी करायला रिमोट घेतला. त्यावरची सगळी अक्षरं नव्यासारखी होती, फक्त एका बटणावरचं पार पुसून गेलं होतं. मी डिस्क लावायचो तेव्हा ते बटण मला कधी लागलंच नव्हतं. मी ते दाबलं. दुकानात ऐकलेली घरघर आली. मी लगेच परत दाबणार होतो, पण दुकानातले तुम्ही आठवलात, म्हणून तसाच बसलो. कान सरावायला वेळ लागला. मग त्या घरघरीच्या आतून ताटं वाजली, कुणाचं तरी पोर रडलं, आणि आई म्हणाली, "अगं ए, हळद संपली का वाटी हरवली?"

नंतर मी एका व्हिडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कॅसेटवर आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. शूटिंगवाल्याने सनई एकीवर चढवली, दुसरीवर मांडवातला मूळ आवाज तसाच राहिला. साध्या मशीनला ती दुसरी पट्टी वाचता येत नाही, चांगल्याला येते. ते चंदेरी मशीन साधं होतं. मी निवडलं असतं तर आई आपल्या घरात कॅसेटमध्ये असून कायमची मुकी राहिली असती.

त्या दुपारी मी सगळं ऐकलं. त्रिशरणात आईचा आवाज सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे आहे. मग खांब आला. आई तुमच्या कानाशी येते आणि म्हणते, "अहो, रडायचं तर मागं भांड्यांकडं जा. इथं कॅमेरा हाय. मी बघते इथलं." आणि तुम्ही म्हणता, "जातो."

मला आधी राग आला, बाबा. किती दुपारी तुम्ही तिचा आवाज एकट्याने ऐकलात, आणि एकाच घरात राहून मला सांगितलं नाहीत. मलाही आईच होती ती. मग राग उतरला तेव्हा मी मागच्या गॅलरीत गेलो, नळ सोडला आणि स्वच्छ असलेली भांडी घासली. त्यानंतर मीही तेच केलं जे तुम्ही केलंत. ताई यायच्या आधी बटण दाबून सनई लावून ठेवायची. तिने विचारलं की सांगायचं, भांड्यांचं काहीतरी म्हणतेय. तुमचं रडणं तुम्ही आईच्या सांगण्यावरून झाकलेलं, ते मी कसं उघडं करू, असं मी स्वतःला सांगायचो. ते पूर्ण खरं नव्हतं. मलाही ती दुपार माझ्याकडेच ठेवायची होती.

आता कॅसेट थकली आहे. चित्रावर पांढऱ्या रेघा येतात, घरघर वाढली आहे, आणि आई दर वेळी थोडी आणखी आत जाते. गेल्या रविवारी ताई आली होती. कॅसेट लावली, आणि मी तिच्यासमोर बटण दाबलं. ती म्हणाली, "बिघडलं वाटतं." मी म्हणालो, "थांब जरा." हळदीच्या वाटीचं वाक्य आलं तशी तिने माझा हात धरला. खांबाच्या जागी ती आधी हसली, अगदी आईसारखी, पदर तोंडाला लावून. मग हसू थांबलं.

"म्हणजे बाबा रडत होते? माझ्या लग्नात?"

"हो."

"मला वाटलं होतं त्यांना काहीच वाटलं नाही. पाठवणीला ते दिसलेच नाहीत कुठे." मग म्हणाली, "तुला कधीपासून माहीत आहे?"

मी रिमोटवरच्या त्या पुसलेल्या बटणावरून अंगठा फिरवला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "जा, मागे जाऊन ये. भांडी पडलीत तिथे."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. लिहून झालं की फाडीन किंवा राहू देईन, अजून ठरवलं नाही. दोन्ही आवाज असलेली प्रत ताई करून घेणार आहे, तेवढं तुम्हाला न विचारता मी हो म्हणालो. आणि एक. मी मागे गेलो नाही, बाबा. तिथेच बसलो, तिच्यासमोर. कॅमेरा नव्हता.