आप्पांनी बघितलंय

श्रीदेवी,

माहेरी जाताना म्हणालीस, "तू दारू सोडल्याचं आप्पांनी डोळ्यानं बघून सांगितल्याबिगर नांदायला येणार न्हाय."

मी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातोय. माकणीत कळू नये म्हणून पार धाराशिवला. काल दार उघडलं आणि तुझे आप्पाच आत आले! वाटलं, आता हे माझी कॉलर धरणार. पण ते गुमान खुर्चीवर बसले. पाळी आल्यावर उठून म्हणाले, "मी बंडप्पा. मी दारुडा आहे."

तिथं कोण दिसलं, हे बाहेर सांगायचं न्हाय, असा नेम हाय. निघताना त्यांनी माझा हात गच्च धरला.

आप्पांनी मला डोळ्यानं बघितलंय, श्रीदेवी. पण कुठं, ते कोणत्या तोंडानं सांगतील? आणि मी तरी?

लिहून चुलीत घालणारा,
नंदीश